सातो : आडनाव एक, उगम अनेक

जपानमध्ये सर्वांत जास्त माणसांचे आडनाव कोणते, या प्रश्नाचे उत्तर 'सातो' असे आहे. त्या देशाच्या साधारण बारा कोटींच्या वस्तीत दीड टक्का लोक, म्हणजे अठरा लाखांच्या घरात माणसे, हे आडनाव लावतात. दीड टक्का हा आकडा ऐकायला लहान वाटेल. शेजारच्या कोरियात दर पाच माणसांमागे एक 'किम' असतो. पण जपानमध्ये आडनावेच एक लाखाहून जास्त आहेत, त्यामुळे दीड टक्क्यावरसुद्धा पहिला क्रमांक मिळतो. उत्तरेच्या अकिता प्रांतात मात्र शंभरातले सात-आठ जण सातोच निघतात. तिथल्या शाळेत मास्तरांनी 'सातो' अशी हाक मारली तर अर्धा बाक उभा राहावा!

मंडळी, या आडनावाशी माझी सोयरीक झाली ती धाकट्या मुलीमुळे. तिने ज्याच्याशी लग्न केले तो मुलगा अकिताचा. त्याच्या वाडवडिलांची भातशेती होती. लग्न ठरल्याची बातमी सांगलीला कळवली तेव्हा आमच्या मोठ्या काकूने फोनवर पहिला प्रश्न केला, "अरे, मुलगा शिकलेला आहे, निर्व्यसनी आहे, ते सगळं ठीक. पण घराणं कुठलं?" प्रश्न अगदी आपल्या पठडीतला. इतकी वर्षे अमेरिकेत काढूनही आपण सगळे तो विचारतोच, फक्त जरा घुमवून विचारतो. मी तो व्याहीबुवांना विचारला. ते हसले आणि म्हणाले, "सगळे सातो फुजिवारांचे वंशज असतात, असं म्हणतात." पुढे क्षणभर थांबून, "म्हणतात," असे पुन्हा एकदा म्हणाले. या दुसऱ्या 'म्हणतात'चा अर्थ काय, हे शोधण्यात मी निवृत्तीनंतरचे दोन हिवाळे घालवले. जे सापडले ते आपल्या पुरवणीच्या वाचकांपुढे ठेवतो.

वेलीच्या फुलांचे घराणे

फुजिवारा हे जपानच्या इतिहासातले सर्वांत वजनदार सरदार घराणे. त्याचा मूळ पुरुष नाकातोमी नो कामातारी. इ.स. ६४५ मध्ये त्याने एका राजपुत्राच्या मदतीने दरबारातली प्रबळ सोगा मंडळी उखडली. पुढे तोच राजपुत्र सम्राट तेन्जी झाला आणि ६६९ साली कामातारी मरणशय्येवर असताना त्याने त्याला 'फुजिवारा' हे नाव बहाल केले. 'फुजी' म्हणजे जांभळ्या फुलांचे घोस लोंबणारी एक वेल. (फुजी पर्वताशी तिचा काही संबंध नाही, तो वेगळ्या अक्षरांनी लिहितात.) 'हारा' म्हणजे माळरान. या घराण्याने पुढे आपल्या मुली सम्राटांना द्यायच्या आणि नातवाच्या नावाने आजोबांनी राज्य चालवायचे, असा परिपाठच पाडला. मिचिनागा (९६६ ते १०२८) याच्या काळात ही कला शिगेला पोचली.

पण घराणे वाढले, की सगळ्यांना राजधानीत जागा कशी मिळणार? धाकट्या फांद्या प्रांतोप्रांती अधिकारी, शिपाईगिरी करणारे, जमीनदार म्हणून पसरल्या. जिकडे बघावे तिकडे फुजिवारा, मग एकमेकांत फरक कसा करायचा? त्यावर एक सोपा तोडगा निघाला. 'फुजी' हे अक्षर चिनी उच्चाराने 'तो' असेही वाचतात. हुद्द्याचे किंवा प्रांताचे एक अक्षर पुढे जोडायचे आणि मागे 'तो' ठेवायचे. इसे प्रांतातले फुजिवारा ते इतो, कागा प्रांतातले कातो, ओमीचे कोन्दो, तोतोमीचे एन्दो. सम्राटाच्या सुतारकामाच्या खात्यावर असलेले ते कुदो. इसेच्या देवस्थानात राहणाऱ्या राजकन्येच्या कचेरीचे प्रमुख ते साइतो. आपल्याकडे कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस ही हुद्द्यांची नावे आणि पुणेकर, नाशिककर ही गावांची नावे जशी, तसाच हा प्रकार. दोन्ही पद्धती एकाच शेपटीला बांधलेल्या, एवढाच फरक.

मग सातोमधला 'सा' कोणता? सर्वांत प्रचलित मत असे, की फुजिवारा नो किन्कियो नावाच्या गृहस्थाला 'साएमोन नो जो', म्हणजे राजवाड्याच्या डाव्या दरवाज्याच्या रक्षकदलातला अधिकारी, असा हुद्दा होता. त्यातला 'सा' आणि फुजिवारातला 'तो'. दुसरे मत सांगते, की हा 'सा' शिमोत्सुके प्रांतातल्या सानो गावचा. तिसरे मत सादो बेटाच्या सुभेदारीकडे बोट दाखवते. किन्कियो हा फुजिवारा नो हिदेसातो याचा वंशज मानतात. या हिदेसातोने ९४० साली बंडखोर तैरा नो मासाकादो याचा पाडाव केला. याच हिदेसातोने बिवा सरोवराकाठी डोंगराएवढी गोम बाणाने मारली, अशी लोककथाही आहे. म्हणजे दरबारी मुत्सद्दी, बंड मोडणारा वीर आणि गोम मारणारा नायक, असे तिघे पूर्वज सातो आडनावाबरोबर फुकट मिळतात!

सातो नावाचे मोठे लोक

मध्ययुगात हे नाव खरोखर मोठ्या माणसांनी लावले. १११८ साली सातो नोरिकियो नावाचा एक सरदारपुत्र जन्मला आणि निवृत्त सम्राटाच्या रक्षकदलात चाकरीला लागला. ११४० मध्ये, ऐन तारुण्यात, त्याने घरदार सोडून संन्यास घेतला. त्याबरोबर सातो हे नावही गेले. जपान त्याला साइग्यो या नावाने ओळखतो. तो त्या भाषेतल्या थोर कवींपैकी एक. आडनाव गळून पडले म्हणून तो अजरामर व्हायचा राहिला नाही.

दुसरी जोडी त्सुगुनोबु आणि तादानोबु या भावांची, आजच्या फुकुशिमा भागातली. सेनापती योशित्सुने याचे हे जिवास जीव देणारे सेवक. ११८५ च्या याशिमाच्या लढाईत योशित्सुनेच्या रोखाने आलेला बाण त्सुगुनोबुने स्वतःच्या छातीवर झेलला. पुढच्या वर्षी तादानोबुही धन्यासाठी लढता लढता मेला. पाचशे वर्षांनी, १६८९ साली, बाशो हा कवी पायी उत्तरेकडे जाताना या घराण्याच्या देवळापाशी थांबला आणि तिथल्या समाधीशिळा पाहून त्याला रडू आवरेना, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. बाजीप्रभूंची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या मंडळींना ते अश्रू समजावून सांगायला नकोत.

योशित्सुने ज्याच्या आश्रयाला गेला होता तो हिराइझुमीचा फुजिवारा हिदेहिरा. ही उत्तरेची फुजिवारा शाखाही स्वतःला त्याच हिदेसातोची म्हणवीत असे. हे घराणे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे, कारण त्यांची कुळी कागदावर नाही तर हाडांवरून तपासली गेली.

या शाखेचा संस्थापक कियोहिरा. बाप फुजिवारा, आई उत्तरेकडच्या आबे घराण्यातली. उत्तरेच्या या लोकांना राजधानीत 'एमिशी', म्हणजे रानटी, म्हणत. कियोहिराने चुसोन्जी मंदिरात ११२४ साली सोन्याने मढवलेला सुप्रसिद्ध मंडप उभारला. ११२६ च्या मंदिराच्या अर्पणपत्रात त्याने स्वतःचा उल्लेख केला तो 'पूर्वेकडच्या रानटी लोकांचा नायक' असा. एका हाताने फुजिवारा हे सर्वांत सोवळे आडनाव लावायचे आणि दुसऱ्या हाताने देवापुढे स्वतःला रानटी म्हणवून घ्यायचे! त्या सोनेरी मंडपाखाली कियोहिरा, मोतोहिरा आणि हिदेहिरा या तीन पिढ्यांचे वाळलेले देह आणि चौथा यासुहिरा याचे शिर ठेवलेले आहे. ११८९ साली कामाकुराच्या योरितोमोने स्वारी करून हे राज्य बुडवले, तेव्हा ते शिर कापले गेले.

१९५० साली एका मोठ्या वृत्तपत्राच्या पुढाकाराने शास्त्रज्ञांनी हे देह तपासले. हे लोक एमिशी होते का, आणि एमिशी म्हणजे आजचे ऐनू का, असा प्रश्न तेव्हा गाजत होता. कवट्यांची मापे आणि क्ष-किरण चित्रे यांवरून निष्कर्ष निघाला, की या चेहऱ्यांत ऐनूंची खास लक्षणे दिसत नाहीत, ती राजधानीकडच्या लोकांशी जास्त जुळतात. म्हणजे ज्याने स्वतःला रानटी म्हटले त्याची हाडे तसे म्हणेनात. शिर ठेवलेल्या पेटीत कमळाच्या बियाही सापडल्या. जपून ठेवलेल्या त्या बियांपासून १९९८ साली फूल उमलले. बी मात्र आडनाव विचारत बसले नाही.

१८७५ : सरकारी फतवा

इथपर्यंतची कथा सरदारांची. पण अठरा लाख सातो काही सरदारांचे नातू असणार नाहीत. तेव्हा आता शेतकऱ्यांकडे वळू.

तोकुगावा राजवटीत (१६०३ ते १८६८) आडनाव उघडपणे लावणे आणि कमरेला तलवार बाळगणे हा सामुराईंचा मान होता. १८०१ साली सामान्यांना याची मनाई करणारे फर्मान पुन्हा बजावून काढावे लागले. फर्मान पुन्हा काढावे लागते याचा अर्थ लोक ऐकत नव्हते! कारण बऱ्याच शेतकऱ्यांना घरगुती आडनावे होतीच. सरकारी कागदावर ती येत नसत, पण देवळाच्या देणगीदारांच्या यादीत, थडग्यांवर, गावच्या आपसातल्या व्यवहारात ती दिसतात. त्यामुळे 'सगळ्या जपानी शेतकऱ्यांनी एका रात्रीत आडनावे शोधून काढली' हा लोकप्रिय समज अर्धाच खरा.

मेइजी सरकारने १९ सप्टेंबर १८७० रोजी सर्वांना आडनाव लावायची मुभा दिली. लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही. नाव आले की पाठोपाठ कर येईल, ही धास्ती सरकारी मुभेबद्दल जगभर असतेच. १८७२ मध्ये देशभर कुटुंबनोंदणी, म्हणजे 'कोसेकी', सुरू झाली. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली. नाव नसलेला शिपाई शोधायचा कसा, अशी तक्रार लष्करी खात्याने केली आणि १३ फेब्रुवारी १८७५ रोजी मुभेची सक्ती झाली. ज्यांना जुने आडनाव आठवत नव्हते त्यांनी नवे घ्यावे, असे फर्मानातच होते.

मग कोणी काय घेतले? कोणी शेतावरून 'तानाका', म्हणजे शेताच्या मधला. कोणी डोंगराच्या पायथ्यावरून 'यामामोतो'. कोणी भटजींना किंवा गावच्या पाटलासारख्या मुख्याला विचारून त्यांनी सुचवलेले. काहींनी जमीनदाराचे किंवा जुन्या किल्लेदाराचे नाव उचलले. उत्तरेत शतकानुशतके सातो घराण्यांचे वजन होते. तिथे त्यांचे वंशज होते, त्यांचे चाकर होते, त्यांच्या जमिनी कसणारी कुळे होती आणि फक्त शेजारी होते. या चारही प्रकारच्या लोकांनी कोसेकीत लिहिले ते नाव एकच. आज नोंदवहीवरून त्यांच्यातला फरक कळणे शक्य नाही. व्याहीबुवांच्या दुसऱ्या 'म्हणतात'चा अर्धा अर्थ इथे आहे.

दोन पंतप्रधान, सख्खे भाऊ, आडनावे दोन

उरलेला अर्धा अर्थ दत्तकविधानात आहे. त्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक असलेल्या घरातून देतो. एइसाकु सातो हे १९६४ ते १९७२ जपानचे पंतप्रधान होते, १९७४ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. नोबुसुके किशी हे १९५७ ते १९६० पंतप्रधान होते. १९५७ मध्ये भारताला भेट देणारे पहिले जपानी पंतप्रधान म्हणून ते आपल्याही इतिहासात आहेत. हे दोघे सख्खे भाऊ. मग आडनावे वेगळी कशी?

त्यांचे वडील हिदेसुके मूळचे किशी घराण्यातले. सातो घराण्यातल्या मोयो या मुलीशी लग्न करून ते सातोंमध्ये दत्तक गेले आणि सातो झाले. 'मुकोयोशी', म्हणजे दत्तक घेतलेला जावई, ही जपानची जुनी आणि अत्यंत व्यवहारी पद्धत आहे. त्यांचा मुलगा नोबुसुके जन्माने सातो, पण शाळकरी वयात तो वडिलांच्या माहेरी, म्हणजे किशी घराण्यात, दत्तक गेला आणि किशी झाला. धाकटा एइसाकु सातोच राहिला आणि त्याचे लग्न मामाच्या मुलीशी, हिरोको सातोशी झाले. पुढच्या पिढीत किशींची मुलगी आबे घराण्यात पडली. तिचा एक मुलगा शिन्झो आबे, २०२२ साली हत्या झालेले माजी पंतप्रधान. त्याचा धाकटा भाऊ नोबुओ आजोळी दत्तक जाऊन पुन्हा किशी झाला.

आता विचार करा. बापाकडून मुलाकडे जाणारा वंश पाहायचा तर पंतप्रधान सातो यांच्यात सातोंचा अंशही नाही, तो सगळा किशींचा! सातोंचे रक्त त्यांना मिळाले ते आईकडून, ज्या बाजूचा हिशेब आडनाव ठेवत नाही. आणि हे अपवादात्मक घर नव्हे. तोकुगावा काळाच्या उत्तरार्धात काही संस्थानांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सामुराई घराण्यांच्या वारसांपैकी साधारण तिसरा हिस्सा दत्तक निघाला. दर पिढीला तीनातला एक वारस बाहेरचा असेल, तर आठ पिढ्यांनी मूळ पुरुषाची पितृरेषा अखंड उरलेली घरे शंभरात चारच राहतात. कॅल्क्युलेटर काढून पडताळून पाहा. दत्तक पुष्कळदा नात्यातलेच असत, हे धरले तरी गळती मोठीच.

गुणसूत्राची साक्ष

आता डी.एन.ए.कडे येऊ, कारण हल्ली वाढदिवसाला थुंकी तपासायचे खोके भेट देण्याची टूम आपल्या घरांतूनही आली आहे.

पुरुषांमधले 'वाय' गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. जपानमध्येही बहुतेक घरांत आडनाव याच वाटेने जाते. तेव्हा आडनाव आणि वाय गुणसूत्र जोडीने चालायला हवेत, हा तर्क बरोबर आहे. इंग्लंडात तो तपासला गेला. ब्रायन साइक्स या संशोधकाने २००० साली आपल्याच आडनावाच्या पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्या साइक्स पुरुषांत एकच ठेवण सापडली, म्हणजे मूळ पुरुष बहुधा एक. २००९ मध्ये टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी चाळीस ब्रिटिश आडनावांच्या १६७८ पुरुषांचा अभ्यास मांडला. नियम स्पष्ट दिसला : आडनाव जितके दुर्मिळ, तितके त्यातले पुरुष एकमेकांचे भाऊबंद. आणि स्मिथसारखे आडनाव सर्वत्र आढळणारे असेल, तर दोन स्मिथ हे रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांइतकेच परके.

सातो हे जपानचे स्मिथ आहेत. अनेक ठिकाणी, अनेक कारणांनी घेतलेले, दत्तकांतून फिरलेले. अशा आडनावाची म्हणून वेगळी जनुकीय ओळख असण्याचे कारण नाही. सातोंचे मूळ शोधणे म्हणजे जपानी माणसाचेच मूळ शोधणे.

आणि तेही एक नाही. हजारो वर्षे जपानी बेटांवर 'जोमोन' नावाने ओळखले जाणारे शिकारी-मच्छीमार लोक राहत होते. दोरीच्या ठशांची त्यांची मातीची भांडी सोळा हजार वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातात. इ.स. पूर्व पहिल्या सहस्रकात कोरिया द्वीपकल्पाच्या वाटेने भातशेती करणारे लोक आले, त्यांना 'यायोई' म्हणतात. काझुरो हानिहारा यांनी १९९१ मध्ये या दोन प्रवाहांच्या मिश्रणाचा सिद्धान्त मांडला. २०२१ साली प्राचीन सांगाड्यांच्या डी.एन.ए.वरून तिसराही प्रवाह दिसतो असे एका आंतरराष्ट्रीय गटाने म्हटले. तिसऱ्या ते सातव्या शतकांत, मोठमोठ्या थडग्यांच्या 'कोफुन' काळात, पूर्व आशियातून आणखी लोक आले, असे त्यांचे म्हणणे. हा प्रवाह खरोखर वेगळा की दुसऱ्याचाच विस्तार, यावर अभ्यासकांत वाद चालू आहे. २०२४ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेने ३२५६ लोकांचे संपूर्ण जनुकसंच वाचले. त्यात जोमोन अंश ओकिनावात सुमारे २८ टक्के, ईशान्येकडे सुमारे १९ आणि पश्चिमेकडे सुमारे १३ टक्के निघाला. म्हणजे आमच्या जावयात हा जुना अंश क्योतोच्या माणसापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे. तो आडनावामुळे नव्हे, गाव उत्तरेला असल्यामुळे.

यात आपल्यासाठीही एक गंमत आहे. जपानी पुरुषांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांत वाय गुणसूत्राचा 'डी' नावाचा गट आढळतो. शेजारच्या चीन आणि कोरियात तो फार थोडा. त्याचे नातलग सापडतात ते तिबेटात आणि आपल्या अंदमानात, ओंगे आणि जारवा लोकांमध्ये! वाटा वेगळ्या होऊन हजारो पिढ्या लोटल्या, तेव्हा लगेच सोयरीक काढू नये. पण काकूला सांगायला हे उत्तर वाईट नव्हते.

शुद्ध वंशाचा अभिमान मिरवणाऱ्यांसाठी एक जुना सरकारी कागदही आहे. ८१५ साली दरबाराने राजधानी परिसरातल्या ११८२ कुळांची यादी केली. ३३५ कुळे सम्राटांच्या वंशातली, ४०४ देवांच्या वंशातली, ११७ संदिग्ध आणि ३२६ चीन-कोरियाहून आलेली. बाराशे वर्षांपूर्वी, दरबाराच्याच हिशेबाने, चारातले एक कुळ परदेशी! फुजिवारा देवांच्या रकान्यात होते. आणि डिसेंबर २००१ मध्ये सम्राट अकिहितो यांनी स्वतःच सांगितले, की सम्राट काम्मु यांची आई कोरियातल्या बेक्जे राज्याच्या मुर्योंग राजाच्या वंशातली होती अशी जुन्या इतिहासात नोंद आहे आणि त्यामुळे कोरियाशी आपल्याला नाते वाटते.

यादी कोणाच्या हातात पडते

कुळीचा शोध हा म्हातारपणीचा निरुपद्रवी छंद, असे म्हणून मी इथेच थांबलो असतो. पण नोंदवहीला दुसरी बाजू आहे.

कातडी कमावणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे करणाऱ्यांना जपानने शतकानुशतके गावाबाहेर ठेवले. १८७१ साली कायद्याने हा भेद संपला, कोसेकीत त्यांची नावेही इतरांसारखी आली. आडनाव इतरांसारखे झाले म्हणून आडनावावरून ओळखता येईना. मग लोकांनी गाव पाहायला सुरुवात केली. १९७५ मध्ये उघडकीस आले, की या वस्त्यांच्या गावांच्या छापील याद्या गुपचूप विकल्या जात होत्या आणि नोकरीच्या उमेदवारांची जात ताडण्यासाठी कंपन्या त्या विकत घेत होत्या. १९७६ मध्ये परक्याने कोणाचीही कोसेकी पाहण्यावर बंधने आली. हे वाचताना माझ्या घशाशी आले, कारण 'गाव कुठलं?' हा प्रश्न कशासाठी विचारतात हे आपल्यापैकी कोणाला शिकवावे लागत नाही.

होक्काइदोच्या ऐनूंना १८७० च्या दशकात याच नोंदवहीत जपानी आडनावे घ्यावी लागली. १९४० मध्ये कोरियातल्या प्रजेला जपानी धर्तीची आडनावे नोंदवायला लावली गेली. युद्धानंतर, १९४६ साली, तिथे जुनी नावे परत आली. पण जपानमध्ये राहिलेल्या पुष्कळ कोरियन कुटुंबांनी लोकांत वावरण्यासाठी जपानी नाव ठेवले, अजूनही ठेवतात. नोकरी मिळावी, भाड्याने घर मिळावे, शाळेत मुलाला त्रास होऊ नये म्हणून. नाव अशा वेळी वंश सांगत नाही, वंश झाकते. या देशात 'सुधीर'चा 'सिड' करणाऱ्या आपल्या मुलांना त्यातला थोडा भाग नक्की कळेल.

आणि बायकांचे काय?

१८७६ साली जपानी सरकारने सांगितले होते, की लग्नानंतरही बायकोने माहेरचेच आडनाव लावावे. १८९८ च्या नागरी कायद्याने ते फिरवले आणि बायको नवऱ्याच्या घराच्या नावाखाली आली. १९४७ च्या सुधारणेनंतर नवरा-बायकोने दोघांपैकी कोणतेही, पण एकच आडनाव घ्यावे, असा नियम झाला. कागदावर समानता आली, तरी व्यवहारात शंभरातल्या साधारण ९५ लग्नांत बायकोच नाव बदलते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये हा नियम घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. २०२४ साली तोहोकु विद्यापीठाचे प्राध्यापक हिरोशी योशिदा यांनी गणित मांडले, की हा नियम असाच राहिला आणि आजच्या वेगाने नावे गिळली गेली, तर इ.स. २५३१ मध्ये जपानमध्ये प्रत्येक माणूस सातो असेल. हे भविष्य म्हणून नव्हे, इशारा म्हणून सांगितले होते.

परदेशी जोडीदाराला मात्र हा नियम लागू नाही, कारण परदेशी माणसाची स्वतःची कोसेकीच नसते. त्यामुळे माझ्या मुलीने आपले आडनाव ठेवले. नातवाची नोंद त्याच्या बापाच्या कोसेकीत 'सातो' अशी झाली आहे.

तीस पिढ्या मागे गेलो, तर प्रत्येकाच्या पूर्वजांच्या जागा शंभर कोटींहून जास्त भरतात. त्या काळी सगळ्या जपानात माणसे होती एक कोटीपेक्षाही कमी. म्हणजे तेच तेच पूर्वज पुन्हा पुन्हा मोजले जाणार आणि आजच्या बहुतेक जपान्यांच्या झाडावर कुठेतरी एखादा फुजिवारा बसलेला असणारच, आडनाव तानाका असो की यामामोतो. व्याहीबुवांची दंतकथा या अर्थाने खरी आहे. फक्त ती त्यांच्या एकट्याची नाही. त्याच झाडावर एमिशी आहेत, भात घेऊन होडीतून उतरलेले परदेशी आहेत, दत्तक जावई आहेत आणि ज्यांची नावे कोणत्याच यादीत आली नाहीत अशा निम्म्या पूर्वज, म्हणजे सगळ्या बायका, आहेत.

नातू पुढच्या वर्षी शाळेत जाईल. तिथे 'तू कुठला?' हा प्रश्न त्याला येणारच, इथेही आणि अकितातही. त्यासाठी मी एका वहीत त्याच्या दोन्ही बाजू लिहायला घेतल्या आहेत. डावीकडे विहीणबाईंनी सांगितलेली नावे, उजवीकडे काकूने सांगितलेली. पुरुषांची नावे भराभर मिळाली. पणजीच्या आईचे नाव काय, याचे उत्तर अकितात कोणाला आठवले नाही आणि सांगलीतही नाही. वाचकांच्या घरी कोणी ऐंशीच्या पुढचे असेल, तर तो प्रश्न त्यांना या आठवड्यात फोन करून विचारा. डी.एन.ए.चे खोके ते उत्तर देणार नाही.